टोपणातले भोक

पन्नासचे दशक सरत आले होते तेव्हाची गोष्ट. लग्न माझ्या चुलतभावाचे होते. नवरीचे घर इन्सुलीला, मुहूर्त गोरज, म्हणजे दिवस मावळता गुरे घरी परतायच्या वेळचा. मे महिना संपायला आला होता आणि भटजींनी स्वच्छ सांगितले होते की हा मुहूर्त हुकला तर पुढचा तुळशीच्या लग्नानंतर. नवऱ्याची मुंबईची कचेरी तोवर थांबणार नव्हती. रजा चार दिवसांची होती आणि त्यातले दोन संपले होते.

वऱ्हाड सकाळी एसटीने पुढे गेले. नवऱ्यासाठी मालवणातली भाड्याची मोटार ठरवली होती. पुढे ड्रायव्हर, तोच मालक, आणि त्याच्या शेजारी नवऱ्याचे मामा. मामा होड्या बांधणारे होते. मागे नवरा मधे, मी डावीकडे आणि उजव्या खिडकीशी आमची आते, नाकाला पदर लावून. तिला मोटार लागत असे.

दुपारी एकला निघालो. कसालच्या अलीकडे एका चढावर गाडीचा जोर गेला. आधी धापा टाकल्या, मग दोन आचके दिले आणि ती थांबली.

ड्रायव्हरने बॉनेट उघडले. प्लग काढून पुसले. पेट्रोलचा काटा फार पूर्वीच मेला होता, म्हणून त्याने मागे जाऊन टाकीचे टोपण काढले, माडाच्या झावळीची लांब हीर आत बुडवली आणि ती किती ओली झाली ते पाहिले. टाकी भरलेली होती. टोपण लावून त्याने गाडी सुरू केली. ती अशी निघाली की जणू काही झालेच नव्हते.

"प्लगात कचरो होतो," ड्रायव्हर म्हणाला.

चार-पाच मैलांवर पुन्हा तेच. या वेळी त्याने पेट्रोलची नळी सोडवून तोंडाने फुंकली, हीर बुडवली, गाडी चालली. "नळयेत कचरो होतो."

"तुझ्या गाडयेत गाडी किती आणि कचरो किती, ता एकदा सांग," आते म्हणाली.

तिसऱ्या वेळी मामा उतरले. त्यांनी पिशवीतला नारळ काढला, रस्त्यात उभे राहिले आणि गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, ही गाडी इन्सुलीक पोचव रे म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!" बॉनेटखालून ड्रायव्हरचाही आवाज आला, "व्हय म्हाराजा!" मग त्याने हीर बुडवून पाहिली, आणि गाडी चालली. मामांनी मिशीवर हात फिरवला.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. सवयीने प्रत्येक थांबा लग्नपत्रिकेच्या मागे टिपत होतो: कुठे थांबली, काय केले, कशाने चालली. चौथ्यांदा इंजिनाजवळच्या पंपाला ओले फडके गुंडाळले. पाचव्यांदा गाडीचे तोंड फिरवून तिची पूजा केली. सहाव्यांदा नवऱ्याच्या मुंडावळ्या सोडायला लावल्या, कारण मामांच्या मते मुहूर्ताआधी त्या बांधल्या हाच दोष होता. प्रत्येक उपाय लागू पडला. प्रत्येक उपाय चार-पाच मैल टिकला. आता कोणीच गंभीर राहू शकत नव्हते. नवरा तर इतका हसत होता की आतेने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, तुझाच लगीन आसा मां?"

सावंतवाडी मागे टाकली आणि सातव्यांदा थांबलो. ऊन पिवळे झाले होते. हसणे थांबले. ड्रायव्हर रस्त्यावर बसला आणि म्हणाला की त्याच्याकडचे उपाय संपले.

तेव्हा आते बोलली. "माका यातला काय कळणा नाय. पण माझ्या खिडकीत पेट्रोलाचो घाण वास इलो की मगेच गाडी चलता. दर खेपेक."

ड्रायव्हर उठला. टाकीचे तोंड आतेच्या खिडकीमागेच होते, आणि हीर बुडवताना टोपण दर वेळी निघत होते. मी पत्रिका पाहिली. सहा ओळींत टोपण काढल्याचा उल्लेख एकदाही नव्हता. ती गोष्ट मला टिपण्याजोगी वाटली नव्हती.

ड्रायव्हरने या वेळी बाकी कशालाही हात लावला नाही. फक्त टोपण फिरवले. आत कोणीतरी दीर्घ श्वास घ्यावा तसा सूं आवाज झाला. त्याने टोपण उलटे करून उजेडात धरले.

"हयसर बारीक भोक होता. कोणी बुजवल्यान?"

"मी बुजवलंय," मामा म्हणाले. "काल सांजचा गाडी माझ्या अंगणात होती. भोक दिसला. राळ आणि तेल घालून बुजवलंय. धा वर्सां पाणी जावचा नाय."

"मामानू, ता भोक ठेवलेला आसा! पेट्रोल भायर जाता तितको वारो आत येवक व्हयो. वारो नाय तर पेट्रोल येतला खंयसून?"

"भोक बघून गप रवाचा?" मामा खरोखर दुखावले होते. "आमच्यात तसा करणत नाय."

आतेने अंबाड्यातला आकडा काढून दिला. आकडा वाकला, राळ हलली नाही. मामांच्या चेहऱ्यावर पुन्हा समाधान दिसले. शेवटी टोपण खिशात टाकून ड्रायव्हरने टाकीच्या तोंडावर मामांचे नवे उपरणे सैलसर बांधले. मामांनी ते न मागता दिले. आते नाक धरून बसली आणि गाडी एकदाही न थांबता धावली.

सूर्य मात्र गेला. इन्सुलीच्या वाटेला वळलो तेव्हा झाडांच्या शेंड्यांवरही ऊन नव्हते. आणि तिथे पुढे पंचवीस-तीस गुरे रस्ताभर उभी. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला.

गुरांमधून धोतर खोचलेला एक माणूस काठी घेऊन धावत आला. तो नवरीचा काका निघाला.

"हॉर्न मारू नको रे! गुरा तुमच्यासाठीच आडवून धरलंव! भटजी म्हणतत, गुरा घरात येयपर्यंत गोरज आसा. अर्धो तास झालो, आता ती आयकणत नाय!"

त्याने काठी उंचावून पुढे गुरे अडवणाऱ्यांना खूण केली. गुरे एकदम सुटली, धूळ उठली, आणि नवरा गाडीतून उतरून मुंडावळ्या हातात घेऊन त्यांच्या मागे पळत सुटला. त्याच्या मागे मामा, उघड्या खांद्याने. शेवटची म्हैस नवरीच्या घरच्या फाटकातून आत गेली तेव्हा नवरा तिच्या शेपटीशी होता. अंतरपाट धरला होता. भटजींनी म्हशीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि पहिले मंगलाष्टक सुरू केले.