फ्लेक्सनंतर काय?

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील आणि शब्दही साधेच येतील. 'हार्दिक शुभेच्छा' तेवढं बरोबर लिहितो, कारण कोल्हापुरातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाईन करतो. आमच्या मशीनखाली कात्रणांचा ढीग पडतो. संध्याकाळी झाडून काढावा, तर दुसऱ्या दिवशी परत तेवढाच! किश्श्यांचंही तसंच. म्हटलं, यातले थोडे तरी लिहून काढू.

आम्ही चौघं. मालक नाना, काउंटरवर त्यांची बायको म्हणजे आमच्या काकी, मशीन चालवणारे दस्तगीरमामा आणि मी, सागर.

यंदा चौकात मोठी एलईडी स्क्रीन लागली आणि आमची गिऱ्हाईकं तिकडं वळली. नानांनी मशीन बंद करायला लावलं आणि सगळ्यांना समोर बसवलं.

"फ्लेक्स संपला. पुढं काय येणार, ते दिवाळीपतुर शोधायचं. न्हाय सापडलं, तर मशीन विकायचं आणि मिसळीचं दुकान टाकायचं. मिसळ काय डिजिटल होत न्हाय!"

मला डिझाईनशिवाय दुसरं काही येत नाही. दुकान टिकावं म्हणून मी रोज डोकं खाजवत होतो. पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मी झाडू घेऊन कात्रणं गोळा करायला लागतो.

*

पहिली आयडिया नानांचीच. "पुढं माणसाच्या कपाळावरच जाहिरात दिसणार. आपोआप बदलणार. सकाळी वाढदिवस, दुपारी उद्घाटन!"

काकी मान वर न करता म्हणाल्या, "मग पयलं तुमच्या कपाळावर दुकानाचा नंबर टाका. एवढी मोकळी जागा आख्ख्या गावात न्हाय!"

नाना टोपी घालून चहाला गेले.

*

दस्तगीरमामांनी ऐकलं होतं की पुढे फोनमधून वास येणार. ते सांगत होते तेव्हा शिरोळचे एक शेतकरी आपल्या म्हशीचा फ्लेक्स न्यायला आले होते. म्हशीनं बक्षीस मिळवलं होतं.

"म्हंजे हिचा फोटो टाकला, तर पुण्याच्या पावण्याला गोठ्याचा वास जाणार?"

"जाणार की!"

"आणि त्येनं तिकडनं अत्तराचा फोटो टाकला तर?"

"तुमच्या गोठ्यात अत्तर!"

शेतकरी एकदम गंभीर झाले. "नको मामा. म्हस पान्हा चोरंल!"

*

मग मी कंप्युटरवर बोलणारा फोटो करायला शिकलो. फोटो टाकायचा, मजकूर लिहायचा, माणूस बोलायला लागतो. एका मंडळाच्या अध्यक्षांचा, आण्णांचा वाढदिवस होता. मी आण्णांना बोलतं केलं. "बंधू-भगिनींनो, आपल्या प्रेमाने मी भारावून गेलो आहे."

पंधरा कार्यकर्ते बघत होते. एकजण म्हणाला, "ह्यो आमचा आण्णा न्हवं. ह्यो कुणाचातर नवा जावई बोलतोय!"

मग सगळेच ओरडायला लागले. असं लिही, तसं लिही! मी घाबरून मजकूर बदलला आणि बटण दाबलं. स्क्रीनवरचे आण्णा म्हणाले, "ए, गप बसा की रं!"

पंधराच्या पंधरा जण गप बसले. एकानं तर तोंडातला मावा थुंकला.

*

इचलकरंजीचे एक पॉवरलूमवाले डोळ्यांवर बांधायचा तो गॉगल घेऊन आले. तो घातला की माणूस दुसऱ्याच गावात उभा असल्यासारखं दिसतं. "पुढं लोक ह्यातच फिरणार," ते म्हणाले.

नानांनी गॉगल चढवला. आम्हाला वाटलं, समुद्र नाहीतर डोंगर बघत असतील. नाना हळूहळू चालायला लागले.

"काय दिसतंय?" काकींनी विचारलं.

"लई मोठी बिल्डिंग हाय. आख्खी भिंत रिकामी ठेवलीया, येड्यांनी!"

आणि नानांनी खिशातला टेप काढला! एक टोक दस्तगीरमामांच्या पोटावर धरलं आणि टेप ओढत मागे सरकत गेले.

"वीस बाय दहा निवांत बसतंय. लिही रे सागऱ्या!"

मामा म्हणाले, "नाना, भिंतीला गुदगुल्या व्हायल्यात."

*

दिवाळी आठ दिवसांवर आली. नानांनी मिसळीची कढई बघून ठेवली होती. त्या दिवशी दोन शुभेच्छुक भांडत आले. ह्याचं डोकं माझ्यापेक्षा मोठं का? हे भांडण आमच्याकडे प्रत्येक फ्लेक्सला होतं. मी एकाचं डोकं वाढवलं की दुसरा टेबलावर हात आपटायचा. शेवटी कसं कोण जाणे, माझं तोंड उघडलं.

"पुढं असा फ्लेक्स यील, की ज्यो बघंल, त्येचाच फोटो सगळ्यात मोठा!"

मी लगेच स्क्रीनकडं तोंड फिरवलं.

"लेका, हे मशीन कुठं मिळतंय?" मामांनी विचारलं.

काकी उठून मागच्या घरात गेल्या आणि भिंतीवरचा आरसा काढून घेऊन आल्या. "हे घ्या मशीन."

फ्लेक्सवर मी झेंडूच्या माळा काढल्या, वर 'आजचे सत्कारमूर्ती' लिहिलं. मामांनी मधोमध कापून आरसा बसवला. आम्ही तो दाराबाहेर लावला. भांडणारे दोघे आळीपाळीनं समोर उभे राहिले आणि खूश होऊन तसाच एक मंडळासाठी करायला सांगून गेले. दुपारपर्यंत आणखी चार मंडळं आली. नानांनी कढईवाल्याला फोन केला, "ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी कुरुंदवाडहून बाजाराला आलेलं एक म्हातारं जोडपं तिथं थांबलं. आजोबांनी वरची अक्षरं वाचली, फेटा सारखा केला आणि सत्कारमूर्तींना हात जोडले. "नमस्कार, पावणं!"

आजी म्हणाल्या, "झालं न्हवं? सरका आता. माझ्या फोटोत मधीच हुबं ऱ्हायलायसा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान मीच उघडलं. रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. आरशावर धूळ होती, ती पुसायला घेतली. हे काम पाच मिनिटांचं आहे. मी अर्धा तास पुसत होतो.