शेवंतीवरचे दोन दिवे

शेवंतीचे पान चुरगाळले की जो वास येतो, त्यात गोडवा नावालाही नसतो. कडवट, कापराच्या जवळचा, थोडा ओल्या मातीचा आणि थोडा औषधांच्या कपाटाचा असा तो वास माझ्या आईच्या बोटांना बाराही महिने असे. माहेरचे घर विकले गेले तेव्हा मी तिथून एवढेच मागून घेतले: त्या पिवळ्या शेवंतीचे फुटवे, ओल्या फडक्यात गुंडाळून. आमच्या कोथरूडच्या बंगल्यात, कुंपणाच्या कडेला, ते रुजले. आई आता नारायण पेठेत भावाकडे असते. तिची दृष्टी गेली आहे. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मी तिला परडीभर फुले नेऊन देते. ती परडी नाकाशी धरते आणि विचारते, "आलात का?" हा प्रश्न फुलांना असतो, मला नव्हे.

यंदा पावसाळ्यात आमच्या नवऱ्याला बाग उजळण्याची हौस आली. निवृत्त माणसाच्या हौसेला कारण लागत नाही, पण इथे ते होते. समोरच्या बंगल्याने आपल्या माडाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत जांभळा प्रकाश लावला होता. तो माड त्या दिवसापासून वरातीची वाट पाहत ताटकळलेल्या बँडवाल्यासारखा दिसे.

"आपण तसला भडकपणा करायचा नाही," नवरा म्हणाला. "आपला प्रकाश सुसंस्कृत असेल."

सुसंस्कृत प्रकाश कुठून कुठे पडतो, हे त्याने आलेखाच्या कागदावर आखले. मग दिवेलागणीला हातात विजेरी घेऊन प्रयोग सुरू झाले.

"तू जरा आंब्याच्या जागी उभी राहा."

"अहो, तिथे आंबा आहे."

"त्याला हलता येत नाही. तू दोन पावलं मागे हो."

आठवडाभर मी आंबा होते. त्यानंतर टॅबलेट घेतलेला एक प्रकाशयोजनाकार आला. बुटांना चिखल लागू नये म्हणून तो बागेत फरशीफरशीवरून उड्या मारत हिंडला.

"मॅम, लाइट म्हणजे नुसता लाइट नसतो. ती एक स्टोरी असते. तुमच्या गार्डनची स्टोरी काय आहे?"

"कुंपणापाशी घूस आहे," मी म्हणाले.

त्याने ते लिहून घेतले.

घर धरून तीन गुंठ्यांची आमची जागा; तिला बावीस दिवे ठरले. वाटेच्या कडेने गुडघ्याएवढे खांब, आंब्याच्या बुंध्याशी आकाशाकडे तोंड केलेले झोत, तुळशीला खालून उजेड. तो पडद्यावर दाखवला तेव्हा तुळस चौकशीसाठी चौकीत बसवल्यासारखी दिसली. मी प्रत्येक दिव्याला हसले. इतकी हसले, की माझ्या वाट्याला आलेला दिवा मला ओळखताच आला नाही.

त्याने बोट फिरवले आणि पडद्यावर आमची शेवंती उजळली. मऊ, दुधी, वरून सांडलेला प्रकाश. शब्दांवर पोसलेल्या माणसाला फसवायला फार लागत नाही. कार्तिकातली संध्याकाळ, दवाने जड झालेली पिवळी फुले, त्यांच्यावर ओणवा झालेला चंद्र, असे सगळे चित्र मी स्वतःच पुरवले.

"तिथे एक असू दे," मी म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "दोन असू देत."

"सुसंस्कृत प्रकाश पटलेला दिसतोय," नवरा वहीतून डोके वर न काढता म्हणाला.

गणपती गेल्यावर वायरमन आला. हिंजवडीकडचा, पन्नाशीचा माणूस. त्याच्या घरच्या वावरात आता काचेची कंपनी उभी आहे. त्याने चर खणले, पाइप गाडले, वायरी ओढल्या. शेवंतीपाशी मात्र तो थांबला. रोपांकडे पाहिले, कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हितंच?"

"इथेच," मी म्हणाले.

दिवे आपले आपण लागत आणि उजाडल्यावर विझत. पाहुणे येत, वाटेवर थबकत, "रिसॉर्टच झालंय हो" म्हणत. नवरा हे कौतुक समजे. आश्विन गेला, कार्तिक आला. शेवंती कमरेपर्यंत वाढली, पानांनी गच्च झाली, आणि एकही कळी धरेना. मी निंबोळी पेंड घातली, मग बोलणी घातली. माझ्या दोन चंद्रांखाली ती नटूनथटून बसे, तोंड मात्र उघडत नसे. नवऱ्याने बल्बचा रंग बदलून पाहू या, असे सुचवले.

अखेर एका दिव्यात पाणी शिरले म्हणून वायरमनला बोलावले. शेवंतीकडे पाहून तो सहज म्हणाला, "ताई, ह्याला फूल न्हाई यायचं. उजेड हाय न्हवं रातभर. मोठी अंधारी रात मिळंल तवाच शेवंती कळी धरती. आमचं चुलतं वावरात मुद्दाम बल्ब लावायचं, लग्नसराईपत्तूर फुलं लांबवायला."

"मग लावताना बोलला का नाहीत?"

त्याने स्क्रूड्रायव्हर पँटला पुसला. "इचारलं की, हितंच का म्हणून. तुमी इथंच म्हनला. वाटलं, तुमालाबी लांबवायचीत."

शेवंतीवरचे दोन्ही दिवे त्याच दुपारी उपटले. कळ्या यायला दीडदोन महिने लागतील, असे तो म्हणाला. पहिला गुरुवार चार दिवसांवर होता.

मी मंडईतून पिवळी शेवंती आणली. तिला वास होता तो ओल्या गोणपाटाचा. म्हणून परडीत फुलांखाली आमच्या रोपाची पाने पसरली, चांगली चुरगाळून. लबाडीतही कारागिरी असावी, एवढा माझा आग्रह होता.

आईने परडी नाकाशी धरली. काही विचारले नाही. परडी मांडीवर घेऊन ती बोटांनी निवडू लागली, धान्यातले खडे निवडावेत तशी. पाने एका बाजूला, फुले दुसऱ्या.

"पानं आपली," ती म्हणाली. "फुलं कुणाची?"

मी सगळे सांगितले. माड, बावीस दिवे, वायरमनचे चुलते. ती एक पान चिमटीत चोळत ऐकत होती.

"जावईबापूंनी लावले तिथे दिवे?"

खोटे बोलायची ती अखेरची संधी होती.

"नाही. मीच लावून घेतले."

"कशाला?"

"संध्याकाळी फुलं दिसावीत म्हणून."

आईने ते पान पुन्हा नाकाशी नेले, मग न पाहणारे डोळे माझ्याकडे वळवले आणि म्हणाली,

"शहाणी."