पांढरे शेरे

ऑफिसात त्याला सगळे रंगारी म्हणायचे. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, त्याचा मजकूर तो प्रत्येक भागाला टॅग, म्हणजे उघडायची आणि बंद करायची खूण, लावून तयार करायचा आणि संगणकावरच्या एडिटरमध्ये प्रत्येक टॅगला त्याने स्वतः रंग नेमून दिला होता. मथळा निळा, डोस केशरी, इशारा लाल. डॉक्टरांचे आणि ऑफिसातल्यांचे शेरे फाइलीत राहतात, छापले जात नाहीत. त्यातले बरेचसे जुन्या, मिटलेल्या भांडणांचे. वाचून डोकं उठतं म्हणून त्याने सगळेच शेरे पांढरे करून टाकले. पांढऱ्या पडद्यावर पांढरे.

माणूस मुळात संशयी. त्यात महिन्यापूर्वी साहेबांची भाची तपासनीस म्हणून आली आणि नेमकी याच्या पाठीमागे बसली.

"माझ्या खुर्चीवर डोळा आहे तिचा," त्याने घरी सांगितलं.

"गेल्या वर्षी दूधवाला फार हसतो म्हणून दूधवाला बदललात," बायको म्हणाली. "आता ही पोरगी हसत नाही म्हणून संशय! माणसाने करायचं तरी काय, अहो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भाची छपाईआधीचा नमुना घेऊन आली. "काका, सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, हे वाक्यच नाहीये यात. चार वाजता मशीन सुरू होणार."

रंगारीने फाइल उघडली. त्या जागी नुसती रिकामी जागा. त्याने फाइल खालीवर सरकवून पाहिली. तरी तोंड चाललंच. "काल मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. माझ्यामागे फाइलीला हात कुणी लावला?"

"माझ्याकडे बघून विचारताय?"

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

तिने तीच फाइल आपल्या संगणकावर उघडली. वाक्य तिथे होतं, हिरवंगार. रंगारी खुर्चीसकट मागे सरकला. आत्ताच घुसवलं असणार हिने! बोटं काय भराभर चालतात या पोरांची.

"माझ्याकडे शेरे हिरवे दिसतात," ती म्हणाली. "हे शेऱ्यात गेलंय, काका. वर बघा, एक शेरा उघडलाय पण बंदच केलेला नाही. पुढचा शेरा संपेपर्यंत सगळं त्याच्या पोटात."

त्याने वर पाहिलं. उघडा राहिलेला शेरा होता: 'वय डॉक्टरांना पुन्हा विचारणे – रंगारी.' विचारून झालं होतं, वय बरोबर होतं. बंद करायची खूण तेवढी राहिली. आणि बाकीचं त्याच्याच पांढऱ्या रंगाने गिळलं.

खूण घालायला एक क्षण लागला. लाल इशारा पडद्यावर उगवला. नवी फाइल छपाईकडे गेली तेव्हा चार वाजायला वीस मिनिटं होती, आणि साहेब दारात उभे होते.

"छपाईची फाइल ऐनवेळी का बदलली? कुणाची चूक?"

भाची नमुन्याचा कागद वाचत बसली, जणू तिला ऐकूच आलं नाही. ही गप्प का? आपण खोटं बोलतो की काय हे बघायला? नंतर मामाच्या कानात सांगायला? रंगारीने तिच्याकडे दोनदा पाहिलं. ती काही मान वर करेना.

"माझी," तो म्हणाला. "इशारा माझ्या हातून शेऱ्यात गेला. हिने पकडला."

"बरं झालं पकडला," साहेब म्हणाले आणि गेले.

"आभार नकोत, काका," भाची कागदातूनच म्हणाली.

"मी कुठे मानले?" रंगारी म्हणाला, आणि शेऱ्यांसाठी डोळ्यांत खुपेल असा जांभळा शोधू लागला.