करवलीनं भरलेला अर्ज

माझ्या नणंदबाईंना नोंदणी कार्यालयात सगळे करवली म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. परक्या देशांतली जोडपी आमच्या गावात येऊन लग्न करतात, समुद्र बघतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांच्या मागचा कागदांचा गाडा ताई ओढतात. नुसतं फोटोपुरतं लग्न कोणीही लावून देईल हो. पण परत गेल्यावर त्यांच्या सरकारनं ते मानायला हवं असेल, तर दोघांचे जन्मदाखले आले, लग्नाला आडकाठी नाही असा दाखला आला, त्यावरचे शिक्के, शपथेवर केलेली भाषांतरं आणि वर कार्यालयात उभा करायला दुभाष्या. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं ज्यानं म्हटलं त्यानं ते परदेशात करून पाहिलं नव्हतं.

मी त्यांची भावजय. गाडी चालवायची, फाइली उचलायच्या आणि नवरीला टाचण्या लावायच्या, ही माझी कामं. ताई नाकावर माशी बसू देत नाहीत. जन्मतारखेतला एक आकडा मी एकदा उलटा लिहिला, तर दुपारभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जोडपं उतरायच्या आधी तीन महिने त्यांची फाइल तयार असते.

अशा बाईचा नवरा एका सकाळी गेला. माझे नणदोई पाण्याचे मीटर वाचायचे, आयुष्यभर चालणारा माणूस, दुखणं ना खुपणं. चहा घेऊन उठवायला गेले तर ते गेलेले होते, एवढंच ताईंनी फोनवर सांगितलं. आवाज असा, की मला आधी वाटलं कुणाचं तरी विमान चुकलंय. रडल्या नाहीत. आठवड्याच्या आत कामावर हजर. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, दगड झाली होती. जेवायला वाढलं की जेवायच्या, उठा म्हटलं की उठायच्या. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण खरं सांगते, मला राग यायचा.

राग यायला कारण होतं. अंत्यविधी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उरकला, पण मृत्यूची पक्की नोंद ताईंनी केलीच नाही. घरी माणूस गेला की शेवटी जवळ जे होतं त्यानंच येऊन जबानी द्यायची, असा इथला नियम. माझा नवरा दोनदा जाऊन हात हलवत परत आला. आणि जायचं कुठे, तर त्याच कार्यालयात. दुसऱ्या खिडकीवर लग्नं, तिसऱ्या खिडकीवर मृत्यू. ताई रोज दुसरीपर्यंत जायच्या आणि वळायच्या. त्या शुक्रवारी नोंदणीची तीन महिन्यांची मुदत संपत होती. त्यानंतर कोर्ट, वकील, साक्षी. सरकारी काम अन् सहा महिने थांब. आम्ही विषय काढला की "बघू" म्हणायच्या आणि पुढे मिठाची गुळणी.

त्याच आठवड्यात एक जोडपं आलं. तो कुलपं दुरुस्त करणारा, ती शाळेची बस चालवणारी, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. त्याची पहिली बायको वारलेली, पण त्यांच्या गावात सगळ्यांच्या ओळखीची. तिथे लग्न केलं असतं तर अर्धे पाहुणे तिलाच आठवत बसले असते, म्हणून इतक्या लांब आलेले. पण लग्न कायद्यानं पक्कंच हवं, हे बसवालीनं पहिल्या फोनपासून बजावलं होतं. लग्न शनिवारी. गुरुवारी अधिकाऱ्यांसमोर अर्ज वाचून दाखवायचा होता.

अधिकारी वाचत होते, दुभाष्या त्यांच्या भाषेत सांगत होता. वर, वय, व्यवसाय, पूर्वीची स्थिती: घटस्फोटित. दुभाष्यानं ते सांगितलं आणि बसवालीनं कुलपंवाल्याच्या दंडावरचा हात काढून घेतला.

तिनं विचारलं, "म्हणजे ती जिवंत आहे?"

कुलपंवाला मान हलवतोय, पण हो की नाही कळायला मार्ग नाही. अधिकाऱ्यांनी घटस्फोटाचा निकाल मागितला. तो असणार कुठून? बसवालीनं खुर्चीवरची पर्स उचलली आणि दाराकडे बघितलं. मी ताईंकडे बघितलं. चूक कोणाची हे मला तेव्हाच कळलं, कारण तो अर्ज त्यांनी एकट्यांनी भरला होता. नणदोई गेले त्याच आठवड्यात.

ताई उभ्या राहिल्या. दुभाष्याला म्हणाल्या, "तिला सांग, चूक माझी आहे. त्याची बायको वारली. त्यानं मला तसंच कळवलं होतं. मला ते लिहवेना, म्हणून मी हे लिहिलं."

दुभाष्यानं सांगितलं. कुलपंवाल्यानं बॅगेतून मृत्यूचा दाखला काढला, त्याचं शिक्का मारलेलं भाषांतरही होतं, आणि टेबलावर न ठेवता बसवालीच्या हातात दिलं. ती बराच वेळ वाचत राहिली. मग पर्स परत खुर्चीवर ठेवली आणि ताईंकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. अधिकारी भला माणूस. म्हणाले, करवलीबाई, खोडून दुरुस्त करा आणि बाजूला सही करा, शनिवारी काही अडणार नाही. ताईंनी खोडलं. विधुर असं लिहिलं. तेवढ्या एका शब्दाला त्यांना फार वेळ लागला.

बाहेर आल्यावर मी म्हणणार होते की सुटलो एकदाचे. ताई माझ्यासाठी थांबल्याच नाहीत. तिसऱ्या खिडकीवर जाऊन उभ्या राहिल्या. मी धावत मागे गेले आणि रोज फाइलीत बाळगत होते ती डॉक्टरांची चिठ्ठी काढून दिली. खिडकीवरची मुलगी नवीन होती, ती त्यांना ओळखत नव्हती. तिनं नाव, पत्ता, वय विचारून घेतलं. ताई इतरांच्या लग्नाची उत्तरं देतात तशी भराभर देत होत्या.

मग मुलीनं विचारलं, "मृत्यूच्या वेळी जवळ कोण होतं? पत्नी लिहू?"

मागच्या माणसानं घसा खाकरला. मी ताईंना कोपरानं ढोसलं, हो म्हणा ना.

"तसं लिहू नका," ताई म्हणाल्या. "मी जवळ नव्हते. त्यांनी हाक मारली होती. मी आले म्हटलं, आणि चहा उतू जाईल म्हणून तिथेच थांबले. चहा गाळला, दोन कप भरले, मग गेले."

इतके दिवस मी या बाईवर चिडत होते, आणि ही रोज दुसऱ्या खिडकीवरून वळत होती ती एवढ्यासाठी. मुलीनं पेन खाली ठेवलं. वयानं लहान होती, पण घाई केली नाही तिनं.

"घरात होतात ना?" तिनं विचारलं.

"घरातच होते."

"मग आमच्याकडे त्याला जवळच म्हणतात, मावशी," ती म्हणाली, आणि तिनं पत्नी असं लिहून कागद पुढे सरकवला.

ताईंनी तो सगळा वाचला, पहिल्या ओळीपासून. मग सही केली आणि मला म्हणाल्या, "त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही गं."