अक्षरांवर पाय

माझ्या बायकोला, अनुराधेला, अक्षराला पाय लागलेला अजिबात चालत नाही. घरात चुकून वर्तमानपत्राला पाय लागला तरी ती मला वाकून नमस्कार करायला लावते. न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला येऊन इतकी वर्षं झाली, केस पिकले, पण माझी सुटका नाही.

अशी ही बाई जवळच्या प्राथमिक शाळेत टीचर एड, म्हणजे टीचरची मदतनीस, म्हणून लागली आणि पहिल्याच दिवशी तिनं घोळ घातला. वर्गाच्या टीचरनं, नायरीनं, रबरी चौकोनांवर इंग्रजी शब्दांचे तुकडे लिहून ते जमिनीवर मांडले होते. मुलांनी एकेका तुकड्यावर उडी मारायची, तो मोठ्यानं म्हणायचा आणि शेवटी अख्खा शब्द वाचायचा. हिला वाटलं, कुणीतरी पसारा टाकलाय. तिनं सगळे चौकोन उचलले, त्यांची धूळ पुसली आणि ते टेबलावर नीट रचून ठेवले. मुलं अनवाणी रांगेत उभी आणि खेळच गायब!

अक्षरांवर पाय द्यायचा नाही, हे हिचं म्हणणं कळल्यावर नायरी हसली नाही. ती माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली. आमच्यातही अन्न ठेवायच्या टेबलावर कुणी बसत नाही, तुला हवं तर टाळ्या वाजवून शिकव, म्हणाली. मग काय, बास-केट, पम-किन, अम-ब्रे-ला. मुलं खूश, ही त्याहून खूश. मीसुद्धा जेवताना 'पो-टे-टो' म्हणत टाळ्या वाजवायला लागलो, तेव्हा तिनं वाढणंच थांबवलं.

फक्त मेरेचं काही केल्या जमेना. सात वर्षांची पोर, एरवी बडबडी, पण एकदा वाचताना चुकली आणि मुलं हसली. तेव्हापासून लांब शब्द दिसला की तिचं तोंड मिटायचं. अनुराधेला खास तिच्यासाठीच नेमलं होतं आणि टर्म संपत आली होती. जेवताना हिचा घास हातातच राहायचा. ''मला शिकवता येत नाही हो,'' म्हणायची.

एका दुपारी मेरेनंच कपाटातून चौकोन काढून ओळीनं मांडले आणि अनुराधेचा हात धरला.

''यू गो फर्स्ट,'' ती म्हणाली.

अनुराधा जागची हलेना. जन्मभराची सवय पायांत अडकलेली. पण हातातला तो छोटा हात घामानं ओला झाला होता. तिनं सँडल काढले, वाकून पहिल्या चौकोनाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि पाय ठेवला. ''टु,'' ती म्हणाली. मेरेनं सगळं नीट पाहिलं. तीही वाकली, तिनंही हात कपाळाला लावला आणि मागोमाग आली. ''मॉ.'' ''रो.'' दोघी हात धरून पलीकडे पोचल्या.

मग मेरे एकटीच सुरुवातीला परत गेली. उड्या मारत आली आणि वर्गाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, ''टुमॉरो.''

संध्याकाळी हे सांगताना अनुराधेचे डोळे वाहत होते. अगं, आनंदाची गोष्ट ना ही, मी म्हटलं.

''हो ना,'' ती म्हणाली. ''तिनं माझा हात सोडला हो.''