खुर्ची कुणाची

सगळी गल्ली तिला कात्रीताई म्हणायची. पुरुषांची दाढी-कटिंग करणारी बाई म्हणून सुरुवातीला लोक दारातून डोकावून, हसून निघून जात. पण हात असा हलका, की एकदा बसलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं नाव काढत नसे. दुकान वडिलांचं. त्यांच्यामागे तिनं त्यात एकच हौस केली, ती खुर्चीची. मागं कलणारी, पायानं दांडी दाबली की वर चढणारी जड लोखंडी खुर्ची तिनं एका तरुण न्हाव्याकडून विकत घेतली आणि हौसेनं तिला तांबडं रेक्झिन चढवलं.

वर्षभरानं एक म्हातारा दाढीला आला. बसल्या बसल्या त्याचा हात खुर्चीच्या डाव्या हाताखाली गेला तो तिथंच राहिला. दाढी झाली तरी तो उठेना.

"ही खुर्ची माझी आहे," तो म्हणाला.

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण त्यानं शांतपणे सगळं सांगितलं. तोही जन्मभर हाच धंदा करत होता. हात थरथरायला लागले तेव्हा खुर्ची भाच्याला वापरायला दिली. विकायला नव्हे. विचारलं की भाचा म्हणायचा, दुरुस्तीला टाकलीय. वस्तऱ्याला धार लावायचा पट्टा अडकवायला म्हाताऱ्यानं स्वतः कानशीनं खाच पाडली होती, ती अजून तिथंच होती. तिनं वाकून पाहिलं. इतके दिवस ती त्या खाचेला कारखान्यातली खोट समजत होती.

"पण काका, मी पैसे देऊन घेतलीय."

"दिले असशील. मला नाही दिलेस."

भाचा म्हणजे तिला खुर्ची विकणारा तोच तरुण न्हावी. तो गाव सोडून गेला होता आणि फोन उचलत नव्हता. दुसऱ्या दिवशी एक वकील गिऱ्हाईक आले, तेव्हा त्यांच्या गालाला फेस लावता लावता तिनं विषय काढला. आपण चोर ठरतो का, हीच तिला धास्ती. वकील म्हणाले, छे, तुम्ही विश्वासानं घेतलीत. पण जी वस्तू भाच्याची नव्हतीच, ती तो विकणार कशी? ताबा तुमचा, मालकी म्हाताऱ्यांची. पैसे भाच्याकडून मागा. उद्या तिसराच कुणी खुर्ची उचलायला आला, तर मात्र तुम्ही त्याला बेलाशक अडवू शकता.

"म्हणजे इतरांसाठी माझी, आणि त्यांच्यासाठी नाही?"

"साधारण तसंच."

"आणि वरचं रेक्झिन?"

वकिलांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि दाढी आधी उरका म्हणाले.

डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी तिनं हातगाडी बोलावली आणि खुर्ची म्हाताऱ्याच्या दारात नेली. आडवी केली, उभी केली, पण काही केल्या ती दारातून आत जाईना. सून चौकटीला टेकून म्हणाली, आत गेली तरी ठेवायची कुठं? म्हातारा रस्त्यातच खुर्चीवर बसून राहिला. बऱ्याच वेळानं उठला.

"ने परत. वापर. पण आहे माझी."

खुर्ची जुन्याच जागी आली, पण कात्रीताईला ती परक्यासारखी वाटायला लागली. तेल घालताना हात अवघडायचा. पाय आपटून बसणाऱ्या गिऱ्हाइकाला ती हळूच म्हणायची, जरा सांभाळून, दुसऱ्यांची आहे. वकील म्हणाले, आता ती तुम्हाला वापरायला दिलेली वस्तू झाली. आपल्यासारखी जपायची, मागितली की द्यायची. हे पटलं, पण खुर्ची वर-खाली करताना काय वाटायला हवं, ते काही कळलं नाही.

पुढं पाय ठेवायची पट्टी निखळली. वेल्डिंग करायला हवं होतं. विचारल्याशिवाय कसं करायचं, म्हणून ती म्हाताऱ्याकडे गेली. तो पायरीवर बसून शेंगा सोलत होता.

"मला काय विचारतेस? दुकान तुझं, गिऱ्हाइकं तुझी."

"मग करून घेऊ?"

"माझी खुर्ची आहे. उगीच जाळून ठेवशील."

त्यानं मूठभर दाणे तिच्या हातावर ठेवले आणि पुढची शेंग उचलली. दाणे खात ती वेल्डिंगवाल्याच्या दुकानापर्यंत आली. काय करायचंय ताई, त्यानं विचारलं. म्हातारा हो म्हणाला की नाही, याचा उलगडा तिला अजून होत नव्हता. "थांब जरा," ती म्हणाली आणि त्याच्या बाकावर टेकली.