वाल्मीकच्या गाडीतली खीर

मी वणीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात गोष्टी लिहितो. दोन्ही कामं मला कुणी शिकवली नाहीत, आणि दोन्हींत ते दिसतं, असं आमच्या घरात बोललं जातं. तरी इंजिन नुसतं ऐकून दोष सांगणारा पंचक्रोशीत मी एकटाच. म्हणून वाल्मीकचा फोन आला, तेव्हा मी हातातला चहा सावकाश संपवला. लगेच उठलं की किंमत कमी होते.

वाल्मीक माझ्याच गावचा, माझ्याच वर्गातला. पाटबंधारे खात्यात कारकून झाला, नाशकात इंदिरानगरला घर केलं, निवृत्तही झाला. शाळेला आम्ही चालत जायचो तेव्हा देवीच्या गडावर निघालेल्या गाड्या धुरळा उडवत जायच्या. मी डोळे मिटायचो. वाल्मीक उघडे ठेवायचा. मागच्या सीटवर टेकून बसलेल्या म्हाताऱ्या त्याला बघायच्या असायच्या. त्याची आई, विमलाबाई, त्याच वेळी टेम्पोच्या हौद्यात उभी राहून, पदर दातांत धरून, लोकांच्या द्राक्षबागेत कामाला जात असायची.

निवृत्तीनंतर त्यानं मालेगावच्या एका यंत्रमागवाल्याच्या शेडमधून जुनी परदेशी गाडी आणली. लांबलचक, सायीच्या रंगाची, मागची सीट दिवाणाएवढी. तिला क्लच नाही. दांडा ‘डी’वर ओढला की गिअर आपोआप पडतो. पडतो म्हणजे खरोखरच पडायचा. खालून ‘धाड्’ आवाज व्हायचा आणि मागून म्हशीनं ढुशी दिल्यासारखी गाडी पुढं उसळायची.

गेल्या बुद्धपौर्णिमेला विहारात न्यायचं खिरीचं पातेलं विमलाबाईंच्या मांडीवर होतं. वाल्मीकनं दांडा ओढला आणि निम्मी खीर नव्या पांढऱ्या साडीवर आली. त्या दिवसापासून त्या गाडीत बसल्या नाहीत.

“जन्मभर टेम्पोत धक्के खाल्ले,” त्या म्हणाल्या, “आता पोराच्या गाडीत बी तेच खाऊ? मी आपली सनीच्या रिक्षानं जाईन.” सनी म्हणजे गल्लीतला रिक्षावाला.

यंदाची पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. वाल्मीकनं गाडी घेतली होती ती एवढ्या एकाच बाईसाठी.

“जय भीम, मावशी,” मी वाल्मीकच्या दारात पिशवी ठेवत विमलाबाईंना म्हणालो.

“आलास का? ट्रॅक्टर समजून तिला नांगर नको लावू.”

मी गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली. तेल बोटांत चोळलं, वास घेतला, डोळे मिटले. “तेल कमी आहे.”

“पट्टीवर तर खुणेपर्यंत आहे, नाना,” वाल्मीक म्हणाला.

“मग जास्त असेल.”

नंतर मी गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्स ज्या रबरांवर टेकतो ती दाबून पाहिली. रबरं ठणठणीत होती. बाहेर येताना माझीच कंबर धरली. ती चोळत, चेहरा गंभीर करून मी म्हणालो, “गिअरबॉक्स उघडावा लागेल.” असला गिअरबॉक्स मी आतून कधी पाहिलेला नव्हता. “त्याआधी चाकाखाली लिंबू ठेवून बघू.”

“आमच्याकडं लिंबू सरबतात घालतात,” वाल्मीक म्हणाला. “धक्का आहे म्हणजे धक्क्याला कारण आहे. कारण गेलं की धक्का गेला.” मग तो पायरीवर बसून आठवत राहिला. “आधी ही सिग्नलला बंद पडायची. म्हणून एका मिस्त्रीनं रेस वाढवून दिली. धक्का त्यानंतर वाढला. म्हणजे मूळ दुखणं इंजिनात असेल, नाही का?”

मी तेच म्हणणार होतो. अजून म्हटलं नव्हतं, एवढंच.

आता माझी हुकमी विद्या. गाडी चालू करायला लावली, लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली आणि ध्यान लागल्यासारखा वाकलो. कंबरेत चमक आली. तोल जायला लागला म्हणून दुसऱ्या हातानं मिळेल ते धरलं. हाताला एक जुनी रबरी नळी लागली. आणि सांजवेळी झाडावरची पाखरं एकदम गप्प व्हावीत, तशी इंजिनाची थरथर थांबली.

“नाना, हात काढ.”

काढला. थरथर सुरू.

“आता ठेव.”

ठेवला. थांबली.

“मुद्दामच धरली होती,” मी म्हणालो. वाल्मीक भला माणूस. त्यानं मान डोलावली.

नळी वाकणापाशी चिरली होती. इंजिन किती जोर लावतंय हे त्या नळीतल्या ओढीवरून गिअरबॉक्सला कळतं. चिरेतून हवा आत गेली की त्याला वाटतं, मालक गाडी पिटाळतोय, आणि तो सगळा दाब लावून गिअर आपटतो. त्याच हवेनं इंजिनही बंद पडायचं. त्यावर मिस्त्रीनं वाढवलेली रेस. माझ्या पिशवीत जाड रबरी नळीचा नवा तुकडा होता. तो बसवला, रेस खाली आणली, बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला. वाल्मीकनं ब्रेक दाबून दांडा ओढला. पाण्यावर बारीकशी लहर उठली आणि विरली.

विमलाबाई दारातून बघत होत्या. “पाणी हलकं,” त्या म्हणाल्या. “खीर कशी वागंल ते सांगता येत नाय.”

पौर्णिमेच्या सकाळी मी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आलो. पुढची सीट माझीच, असं मी धरून चाललो होतो. विमलाबाईंनी दोन पातेली केली होती.

“एक मी घेऊन गाडीत बसते. दुसरं रिक्षात. नाना, ते तू धर. म्हणजे एक तरी पोचंल.”

त्यामुळे माझ्या हातून झालेलं एकमेव मोठं काम मी सनीच्या रिक्षातून, मागून पाहिलं. गाडीचं मागचं टोक जागेवरून हललं ते पाण्यात होडी सोडावी तसं. आत काय झालं ते वाल्मीकनं नंतर सांगितलं. विमलाबाई झाकण काढून खिरीकडं टक लावून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “आरं, ओढ की तो दांडा. किती वाट बघायची?”

“ओढला, आई. मान वर कर. चौक मागं गेला.”

त्यांनी मान वर केली. मग झाकण लावलं, पाठ मागं टेकवली आणि विहारापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

इकडं सनीनं एक गतिरोधक पाहिलाच नाही.

विहाराच्या दारात त्या गाडीतून भरलं पातेलं घेऊन उतरल्या. माझा सदरा वरपासून खालपर्यंत पाहिला. वेलदोड्याचा चांगला वास येत होता.

“असू दे, नाना,” त्या म्हणाल्या. “याला बी काहीतरी कारण आसंल.” आणि वाल्मीककडं वळून म्हणाल्या, “जाताना बी मी मागंच बसणार. याला पुढं घे, पण सीटवर कापड टाक.”